गच्चीवरची भेंडी, आषाढातली आमटी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कितीतरी दिवस कोल्हापुरात भाजीची गाडी धड आली नाही. आमच्या दारापर्यंत पाणी आलं नव्हतं, पण शुक्रवार पेठेतली नणंद मुलाबाळांना घेऊन आमच्याकडे आली होती. घरात नऊ माणसं. पीठ होतं, डाळ होती, भाजी मात्र संपलेली. तिसऱ्या दिवशी आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वरच्या फळीवरचा डबा काढला. आत एप्रिलमध्ये वाळवलेली भेंडी होती. चिंच-गूळ आणि घरची कांदा-लसूण चटणी घालून त्यांनी तिची आमटी केली. नऊ जणांनी भाकरी कुस्करून खाल्ली आणि पातेलं पुसून निघालं.

तोवर दर उन्हाळ्यात त्या गच्चीवर भेंडी पसरायच्या, तेव्हा मी कुरडया-सांडग्यांतच गुंतलेली असायची. बारा महिने ताजी भेंडी मिळते, मग वाळवायची कशाला, असं मला वाटायचं. त्या आमटीनंतर ते वाटेनासं झालं. वाळवलेल्या भेंडीला स्वतःची चव असते. ताजीपेक्षा दाट, किंचित खमंग, आणि शिजल्यावरही तुकडा मोडत नाही. आता दर वर्षी मी पाच किलो वाळवते. ज्यांनी कधीच कुठली भाजी वाळवली नाही त्यांच्यासाठी सगळं सुरुवातीपासून सांगते. पहिल्या खेपेला एक किलोच घ्या. हात बसला की वाढवा.

कधी करायची

कोल्हापुरात भेंडी वाळवायला होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. उन्हाळी भेंडीची पेर जानेवारी-फेब्रुवारीत होते, पेरल्यावर साधारण दीड महिन्यात तोडा सुरू होतो, म्हणजे मार्चअखेरीपासून बाजारात माल भरपूर असतो. ऊन कडक आणि हवा कोरडी असते. मे उजाडला की पश्चिमेकडून दमट वारा यायला लागतो, दुपारनंतर ढग जमतात आणि वळीव कधी कोसळेल याचा नेम नाही. मे महिन्यात वाळवता येतच नाही असं नाही, पण शिकणाऱ्यानं तेव्हा सुरुवात करू नये.

थंडीतही हवा कोरडी असते, डिसेंबर-जानेवारीत मी एकदोनदा करून पाहिलंय. ऊन मवाळ असल्यानं दिवस दुप्पट लागतात, पण रंग सुंदर हिरवा राहतो.

बाजारात काय बघायचं

लक्ष्मीपुरीच्या किंवा कपिलतीर्थच्या मंडईत सकाळी लवकर जा. भेंडी झाडावर फार भराभर वाढते, म्हणून शेतकरी एक-दोन दिवसांआड तोडतात. तोडा एक दिवस जरी लांबला तरी शेंग जून होते. जून भेंडीत रेषा होतात आणि या रेषा वाळवल्यावर दोऱ्यासारख्या दाताखाली येतात. कितीही शिजवा, त्या मऊ होत नाहीत. म्हणून वाळवायला भेंडी कोवळीच हवी. शेंगेचं टोक बोटानं वाकवायचं; कट् करून मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर जून. मोडून बघितलेलं भाजीवाल्या मावशींना आवडत नाही, तेव्हा दोनतीनच मोडावीत आणि तीही घ्यावीत. माझ्या नेहमीच्या मावशी स्वतःच सांगतात, "ताई, आज वाळवायला न्हेऊ नगासा, परवाच्या तोड्याची हाय."

लांबी बोटाएवढी पुरे. जवारी भेंडी मिळाली तर घ्या. ती बुटकी, जाड, पाचापेक्षा जास्त धारांची असते आणि तिच्यावर लव अधिक असते, पण वाळल्यावर तिला गर राहतो. संकरित भेंडी लांब, गुळगुळीत आणि पातळ सालीची. ती पटकन वाळते, पण आमटीत तिचा तुकडा लहान होऊन जातो. दोन्ही चालतात.

पाणी मारून चकचकीत ठेवलेली भेंडी घेऊ नका. शेंगेला छोटं गोल भोक दिसलं की आत अळी आहे असं समजा. ती बाजूला काढा.

आणि वजनाचा अंदाज आधीच देते, म्हणजे निराशा होणार नाही. ताज्या भेंडीत दहातले नऊ भाग पाणीच असतं. देठ-टोक काढून एक किलोची वाळवण शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. बघायला एवढीशी वाटते, पण त्यात चार माणसांच्या दोन आमट्या सहज होतात.

धुणं, पुसणं, कापणं

इथंच बहुतेकांची भेंडी बिघडते, म्हणून इथं सावकाश सांगते.

भेंडीतला बुळबुळीतपणा म्हणजे तिच्या पेशींतला डिंकासारखा पदार्थ. तो पाण्यात विरघळतो आणि फुगतो. सुरी चालली की पेशी फुटतात, त्यात बाहेरचं पाणी मिळालं की तार सुटते. तार सुटलेल्या काचऱ्या उन्हात एकमेकींना चिकटून गठ्ठा होतात. गठ्ठ्याच्या आत ऊन पोचत नाही आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. म्हणून धुणं आधी, कापणं नंतर, आणि मध्ये पुरता कोरडेपणा. आत्तींचं सांगणं एकच: "वल्ली भेंडी विळीखाली घिऊ नगंस, तार सुटंल."

आदल्या संध्याकाळी भेंडी अख्खीच, देठासकट, मोठ्या पातेल्यात दोन-तीन पाण्यांनी धुवा. फवारणीचा अंश जावा म्हणून मी पहिल्या पाण्यात मूठभर मीठ टाकून दहा मिनिटं ठेवते आणि मग हातानं चोळून धुते. देठ आधी काढलं तर पाणी आत शिरतं, म्हणून देठाला तेव्हा हात लावायचा नाही. नंतर बुट्टीत निथळत ठेवा, सुती कापडानं एकेक शेंग पुसा आणि जुन्या धोतरावर किंवा चादरीवर सुटी पसरून रात्रभर पंख्याखाली राहू द्या. एकेक पुसण्याचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे. तरी पुसाच.

सकाळी ऊन वर यायच्या आत कापायला बसा. विळी किंवा सुरी, पाट, हात, सगळं कोरडं. देठाचा बुडखा आणि टोक काढा. आमटीसाठी तिरप्या काचऱ्या करा, अर्धा सेंटीमीटर जाडीच्या. यापेक्षा पातळ केल्या तर वाळून कागद होतात आणि डब्यात त्यांचा भुगा पडतो. जाड केल्या तर बाहेरून कडक आणि आतून ओल्या राहतात, आणि आतली ती ओल पुढे बुरशी आणते. तळायच्या असतील तर उभे चार भाग करा. कापताना प्रत्येक शेंगेच्या आत नजर टाका. काळपट डाग किंवा अळीची विष्ठा दिसली तर अख्खी शेंग टाकून द्या. विळीच्या पात्याला चिकट थर धरला की कोरड्या फडक्यानं पुसायचं, धुवायचं नाही.

मीठ लावायचं का? आमटीच्या भेंडीला नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडचा जुलै कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मीठ लावलेल्या काचऱ्या पावसाळ्यात डब्यातल्या डब्यात मऊ पडतात. पहिल्या वर्षी मी किलोला दोन चमचे मीठ चोळलं होतं, वाळल्या झकास, पण आषाढ संपेपर्यंत तळाच्या काचऱ्यांना पांढरी लव आली आणि सगळा डबा टाकावा लागला.

ऊन आणि वारा

गच्चीवर बाजलं किंवा दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली जाळी असेल तर सगळ्यांत चांगलं, कारण खालून वारा लागतो. नसेल तर स्लॅबवर चटई, तिच्यावर सुती साडी, तिच्यावर काचऱ्या. प्लास्टिकच्या कागदावर पापड चालतात, भेंडी नाही. खालच्या बाजूला घाम धरतो. काचऱ्या एकेरी पसरा, एकमेकींना टेकू देऊ नका. एक किलोला साधारण अर्धी साडी लागते. वरून जुनी मच्छरदाणी किंवा मलमलीचं पातळ कापड टाकून कडांना दगड ठेवा. धूळ, माशा आणि कावळे, तिन्हींचा बंदोबस्त होतो. बाजल्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या चढत नाहीत.

पहिला दिवस सगळ्यांत महत्त्वाचा. त्या दिवशी सकाळी नऊपासून पाचपर्यंत पुरं ऊन मिळायला हवं. दुपारी बाराच्या सुमाराला एकदा काचऱ्या उलटा. तोवर वरची बाजू सुरकुतलेली असते आणि चिकटपणा कमी झालेला असतो. संध्याकाळी ऊन उतरलं की कापडासकट गोळा करून घरात आणा. रात्रभर बाहेर ठेवली तर दवानं जेवढी वाळली तेवढी परत ओली होते. घरात आणल्यावर ढीग करू नका, पसरूनच ठेवा.

दुसऱ्या दिवशी काचऱ्या आक्रसून निम्म्या होतात, रंग काळपट हिरवा होतो, बिया सुट्या व्हायला लागतात. कापडावर पडलेल्या बिया गोळा करून काचऱ्यांतच टाका. एप्रिलच्या उन्हात तीन दिवसांत काम होतं, मी चौथा दिवस देतेच.

कडक उन्हात हिरवा रंग उतरतो आणि क जीवनसत्त्व बरंचसं जातं. रंग जपायचा असेल तर पहिला दिवस उन्हात आणि पुढचे दिवस सावलीत, भरपूर वाऱ्याच्या जागी वाळवा. दोन-तीन दिवस जास्त लागतात. आमटीत मसाल्याचा तांबडा रंग येणारच असतो, म्हणून मी सगळं उन्हातच करते.

वळीव आला तर? ढग भरले की आधी काचऱ्या आत, बाकीचं नंतर. घरात कापडावर पसरून पंखा पूर्ण वेगानं लावा आणि खिडक्या बंद ठेवा, बाहेरची दमट हवा नको. दोन दिवस ढगाळच राहिले तर ओव्हनचा आधार घ्या: सगळ्यांत कमी तापमान, दार बोटभर उघडं, दर अर्ध्या तासानं उलटणं. भाज्या वाळवायचं विजेचं यंत्र असेल तर ५५ ते ६० अंश सेल्सिअसवर सहा ते दहा तास लागतात. तापमान वाढवून घाई केली तर बाहेर कडक कवच येतं आणि आत ओल कोंडते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनीत वाळवायला हरकत नाही, फक्त दोन-तीन तासांच्या उन्हावर पहिला दिवस निभत नाही. उरलेला वेळ पंखा लावाच.

वाळली का, हे ओळखणं

काचरी बोटांत धरून मोडा. कट् असा आवाज होऊन दोन तुकडे झाले पाहिजेत. वाकली, लवली, चामड्यासारखी ताणली गेली तर अजून ओल आहे. परीक्षा सकाळी किंवा काचऱ्या सावलीत थंड झाल्यावर करा, कारण गरम असताना पुरती वाळलेली भाजीही मऊ लागते. सगळ्यांत जाड काचरी शोधून तीच मोडायची. ती मोडली तर बाकीच्यांची काळजी नाही.

डब्यात भरायच्या आधी अजून एक काम आहे, ते पुष्कळ जण करत नाहीत. थंड झालेल्या काचऱ्या काचेच्या मोठ्या बरणीत पाऊण भागापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि आठवडाभर रोज एकदा हलवा. काही काचऱ्या जास्त सुकलेल्या असतात, काही कमी; आठवड्यात ओल सगळ्यांत सारखी वाटली जाते. या दिवसांत बरणीच्या आतून बाष्प दिसलं किंवा काचऱ्या एकमेकींना चिकटल्या, तर सगळ्या बाहेर काढून परत एक दिवस ऊन द्या. बुरशी दिसली तर मात्र वरवरच्या काढून बाकी ठेवायच्या नाहीत, सगळं टाका.

नंतर हवाबंद डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी. मी पाव-पाव किलोच्या छोट्या बरण्या करते, म्हणजे पावसाळ्यात एक उघडली तरी बाकीच्या बंद राहतात. किडीची भीती असेल तर भरलेली पिशवी चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. अंडी असतील तर मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार काचऱ्यांवर हवेतली वाफ बसते. अशी भेंडी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकते, पण चव सहा-आठ महिने चांगली असते.

ताकातली भेंडी

सांडगी मिरची ज्यांच्या घरी होते त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. तमिळनाडूत अशी भेंडी घरोघर करतात. वेंडक्काय वत्तल म्हणतात तिला, तळून भाताशी खातात आणि चिंचेच्या वत्त कुळंबूतही घालतात. आपल्या दहीभाताला आणि मुगाच्या खिचडीलाही ती फार शोभते.

एक किलो भेंडीला अर्धा लिटर आंबट ताक घ्या, दाटसर. त्यात तीन चमचे मीठ, अर्धा चमचा हळद, पाव चमचा हिंग, एक चमचा जिरेपूड. भेंडीचे दोन सेंटीमीटरचे तुकडे त्यात रात्रभर बुडवून ठेवा. इथं ओलं करायला भीती नाही, कारण आंबटपणामुळे तार कमी सुटते. सकाळी तुकडे निथळून उन्हात पसरा, ताक फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी तुकडे परत त्याच ताकात. असं दोन-तीन दिवस, ताक संपेपर्यंत. नंतर चार दिवस नुसतं ऊन, कडकडीत होईपर्यंत. याला मीठ असतंच, म्हणून ही बरणी पावसाआधी परत एकदा ऊन दाखवून ठेवावी आणि आधी संपवावी.

तळताना तेल मध्यम गरम, भेंडी थोडी थोडी, आणि वीस-तीस सेकंदांत बाहेर. ताकातल्या दुधाच्या अंशामुळे ती पटकन करपते. तांबूस झाली की झाऱ्यानं काढा, पुढचा रंग ती बाहेर आल्यावर घेते.

अख्खी ओवलेली

बोटाच्या दोन पेरांएवढी अगदी कोवळी भेंडी मिळाली तर ती अख्खीच वाळवा. बुडख्याचा फक्त शेंडा तासायचा, आतली पोकळी उघडी पडू द्यायची नाही. गोधडी शिवायची सुई आणि जाड सुती दोरा घेऊन बुडख्यातून ओवा, दोन भेंड्यांत थोडं अंतर ठेवा आणि माळ सावलीत वाऱ्यावर टांगा. आठ-दहा दिवस लागतात. ओवण्याआधी इडलीपात्रात तीन मिनिटं वाफवून, पंख्याखाली कोरडी केली तर हिरवा रंग चांगला राहतो. काचऱ्यांना मात्र वाफ देऊ नका, चिकट होतात.

तुर्कस्तानात चिमुकल्या भेंडीच्या अशाच माळा बाजारात टांगलेल्या असतात. कोन्या शहरात लग्नाच्या जेवणात या वाळल्या भेंडीचं, मटणाचे बारीक तुकडे घातलेलं आंबट सूप वाढतात. भेंडी आधी लिंबू पिळलेल्या पाण्यात उकळून घेतात, मग सुपात टाकतात. तिकडचं लिंबू, तमिळांचं ताक, आपली चिंच: भेंडीची तार आवरायला जो तो आंबटाकडेच गेलेला दिसतो.

रांधायच्या आधी

नवीन माणसाला वाटतं, वाळवली म्हणजे बुळबुळीतपणा गेला. तो गेलेला नसतो. वाळल्या काचऱ्या साध्या पाण्यात तासभर भिजवून बघा, पाणी परत तारेचं होईल. म्हणून क्रम असा: आधी तेलात परतणं, मग आंबट पाणी, मग शिजवणं. तेलात परतल्यावर काचरीवर तेलाचा थर बसतो, कडा खरपूस होतात आणि तार फारशी सुटत नाही. चिंच किंवा आमसुलाच्या आंबटानं उरलेली तारही सैल पडते. चिंच असलेलं कालवण लोखंडी कढईत करू नका, भेंडी काळी पडते आणि चवीला लोखंड लागतं. स्टीलचं किंवा कल्हईचं पातेलं घ्या.

आमटी

चार माणसांना ४० ते ५० ग्रॅम काचऱ्या, म्हणजे वाटीनं मोजल्या तर दीड-दोन वाट्या. सुपारीएवढी चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात भिजत घाला.

वाटपाला दोन मध्यम कांदे उभे चिरून थोड्या तेलात तांबूस परता. त्यातच पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस आणि चमचाभर तीळ भाजा, खोबरं करपू देऊ नका. लसणाच्या आठ पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा, मूठभर कोथिंबीर घालून, पाण्याचा हबका मारत बारीक वाटा.

पातेल्यात दोन चमचे शेंगतेल तापवा, आच मंद करा आणि काचऱ्या टाका. दोन-तीन मिनिटं सतत हलवत परता. रंग एक छटा गडद होतो आणि भाजलेल्या तिळासारखा वास येतो, तिथं थांबा आणि काचऱ्या ताटात काढा. वाळलेली भेंडी ताजीपेक्षा फार लवकर जळते, या वेळी फोन घ्यायला उठू नका. त्याच पातेल्यात अजून एक चमचा तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, आणि वाटप घालून तेल सुटेपर्यंत परता. दीड चमचा कांदा-लसूण चटणी घाला. कोल्हापुरातल्या वाचकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडं चटणी म्हणजे डंकावर कांडून आणलेला वर्षाचा तिखट मसाला, आणि त्यात मीठ असतंच. म्हणून आमटीला मीठ शेवटी, चाखून.

चटणीचा रंग तेलात उतरला की चार वाट्या गरम पाणी आणि चिंचेचा कोळ घाला. उकळी फुटली की काचऱ्या सोडा. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवा. काचरी फुगून जवळजवळ मूळ आकाराची होते आणि दाताखाली मऊ लागते. सुपारीएवढा गूळ घाला, मीठ बघा, अजून दोन उकळ्या द्या. गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर किंवा भाताबरोबर वाढा. भाताला वाढायची असेल तर अर्धी वाटी पाणी जास्त घाला, आमटी मुरल्यावर दाट होते. आमच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या आमटीवर जास्त उड्या पडतात.

चिंच नसेल तर तीन-चार आमसुलं चालतात. टोमॅटोचा आंबटपणा पुरत नाही, तार जाणवते. खोबऱ्याऐवजी शेंगदाण्याचा कूट घातला तर आमटी जड होते. तसं करायचं तर दोन चमचेच घाला.

कोरडी भाजी

ही दहा मिनिटांची. मूठ-दीड मूठ काचऱ्या तीन चमचे तेलात मंद आचेवर कुरकुरीत परतून बाजूला काढा. त्याच तेलात एक मोठा चिरलेला कांदा आणि ठेचलेला लसूण लाल होऊ द्या, अर्धा चमचा चटणी, तीन चमचे शेंगदाण्याचा जाडसर कूट, चवीला मीठ, आणि गॅस बंद करून काचऱ्या मिसळा. पाण्याचा थेंबही नको. लिंबू पानात घेऊन पिळा, कढईत पिळलं तर कुरकुरीतपणा जातो. प्रवासाच्या डब्यात भाकरीबरोबर ही दोन दिवस छान राहते. माझी मुलगी शिकायला पुण्याला आहे, तिला मी काचऱ्यांची बरणी आणि कूट वेगवेगळे देते. खोलीवर इंडक्शनवर करून खाते.

तळाचा भुगा

बरणी संपत आली की तळाला मोडक्या काचऱ्या आणि सुट्या बिया उरतात. फेकू नका. कढईत कोरड्याच किंचित गरम करा, गार झाल्यावर मिक्सरमधून बारीक पूड करा आणि चाळून घ्या. भेंडीचा जो चिकटपणा इतका वेळ आवरत बसलो, तो इथं कामाला येतो. रस्सा पातळ झाला असेल तर एक सपाट चमचा पूड दोन चमचे थंड पाण्यात कालवून उकळत्या रश्शात सोडा. पाच मिनिटांत दाटपणा येतो. थेट उकळत्या रश्शात टाकली तर गुठळ्या होतात. सुदानमध्ये वाळल्या भेंडीच्या अशा पुडीला वेका म्हणतात आणि रोजचं कालवण तिनंच दाट करतात. मी ती डाळीच्या आमटीत घालते आणि मटणाच्या तांबड्या रश्शातही एकदा घालून पाहिली. दोन चमचे जास्त झाले, रस्सा ओघळायचा थांबला. चार वाट्या रश्शाला एकच चमचा, तोही सपाट.